नांगर कोठे टाकावा : कॅरिबियन समुद्रावरील नौकाजीवन आणि त्याचे लेखन

मराठी माणसाच्या मनात ‘वेस्ट इंडीज’ हे आधी एका क्रिकेट संघाचे नाव असते. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला अजित वाडेकरांच्या संघाने मिळवलेला विजय, त्याच मालिकेतल्या गावसकरांच्या ७७४ धावा, पुढे अँटिग्वाचा व्हिव्ह रिचर्ड्स, अशा आठवणींच्या वाटेने ती बेटे आपल्या घरात आली. त्या नावाचा देश कुठेच नाही, एका संघापुरती काही बेटे एकत्र येतात, हेही आपल्याला पुष्कळ उशिरा कळते. आणि त्या बेटांच्या मधे जो समुद्र आहे तो तर आपल्या कल्पनेत येतच नाही.

प्रस्तुत लेख त्या समुद्राविषयी आणि त्यावर शिडाच्या नौकेत घर करून राहणाऱ्या लोकांविषयी आहे. मी स्वतः अशा नौकेवर एक रात्रही काढलेली नाही. समुद्राशी माझा परिचय रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरावरून दिसतो तेवढाच. परंतु गेली काही वर्षे पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन शिकवताना या नौकावाल्यांनी लिहिलेली पुस्तके वाचनात आली, आणि त्यांच्या शेजारी त्याच बेटांवर जन्मलेल्या लेखकांची पुस्तके ठेवल्यावर एक साधी, व्याकरणाची वाटावी अशी गोष्ट जाणवली. या जीवनाचा इतिहास त्याच्या लेखनातील सर्वनामांत वाचता येतो. ‘मी’ कोण म्हणतो, ‘तुम्ही’ कुणाला म्हटले जाते, आणि ज्यांच्यासाठी सर्वनामच राहत नाही ते लोक कोण, असे तीन प्रश्न घेऊन हा इतिहास पाहायचा आहे.

आधी ते जीवन थोडे समजून घेऊ. उत्तरेला अँटिग्वा आणि दक्षिणेला ग्रेनाडा यांच्यामधे सुमारे ३०० सागरी मैलांत ग्वाडेलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्सची चिमुकली बेटे एका कमानीत मांडलेली आहेत. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत तेथे पूर्वेकडून अखंड वारा वाहतो. आपल्या शालेय भूगोलात त्यांना ‘व्यापारी वारे’ म्हणतात. हे भाषांतर शब्दशः बरोबर आणि अर्थाने चुकीचे आहे, कारण त्या इंग्रजी नावातला मूळ शब्द व्यापाराचा नसून ठरलेल्या वाटेचा आहे. इतिहासाने मात्र आपले चुकीचे भाषांतरच खरे केले, कारण साखर, रम आणि माणसे यांचा व्यापार याच वाऱ्यावर चालला.

अशा नौकेची लांबी पस्तीस-चाळीस फूट असते. आतली जागा आपल्याकडच्या चाळीतल्या एका खोलीएवढी, आणि तीही सतत कललेली. शेगडी बिजागरीवर टांगलेली असते. नौका कितीही झुकली तरी भांडे सपाट राहावे अशी ती सोय. गोडे पाणी मोजून वापरायचे असते, त्यामुळे अंघोळ समुद्रात करून शेवटी एक तांब्या गोडे पाणी अंगावर घ्यायचे, आणि पाऊस आला की ताडपत्री ताणून टाकी भरून घ्यायची. बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला पाणी शांत असते. डॉमिनिकासारख्या उंच डोंगरांच्या आड तर वारा पार मरतो आणि शिडे लोंबकळतात. तेच बेट संपून पुढच्या बेटापर्यंतची मोकळी खिंड सुरू झाली की अटलांटिकची लाट आणि वारा दोन्ही एकदम अंगावर येतात. प्रवाळांमधून आत शिरायचे तर सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा, कारण खोली पाण्याच्या रंगावरून ओळखायची असते. गडद निळे म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ, आणि तपकिरी म्हणजे पाण्याखाली प्रवाळाचा खडक. रात्री झोपताना कान नांगराच्या साखळीकडे असतो. ती खडखडली तर नांगर सरकतो आहे काय, हे उठून पाहावे लागते. पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट साखळी सोडावी असा दंडक आहे, पण शेजारच्या नौकेने तो पाळला आहे की नाही याची चिंता वेगळी. प्रत्येक बेट किंवा बेटांचा समूह म्हणजे वेगळे राज्य. पोहोचल्यावर पिवळे निशाण चढवायचे, कप्तानाने एकट्याने कागदपत्रे घेऊन किनाऱ्यावर जायचे, जकात आणि पारपत्राचे शिक्के घ्यायचे, मगच ते निशाण उतरवून पाहुण्या देशाचा झेंडा लावायचा. म्हणजे ज्याला आपण स्वच्छंद भटकंती समजतो तिच्यातला बराचसा वेळ पाणी मोजण्यात, साखळी ऐकण्यात आणि कचेरीच्या बाकावर जातो.

या जीवनाच्या लिखित परंपरेचा आद्यपुरुष म्हणून जोशुआ स्लोकम याचे नाव घेतले जाते. नोव्हा स्कॉशियात जन्मलेला हा माणूस व्यवसायाने शिडाच्या मालवाहू जहाजांचा कप्तान होता. वाफेच्या जहाजांनी तो व्यवसाय संपवत आणला, तेव्हा हाताला काम नसलेल्या स्लोकमने एक मोडकळीला आलेली जुनी नौका स्वतः पुन्हा बांधून काढली. जवळजवळ ३७ फुटांच्या त्या ‘स्प्रे’ नौकेतून तो २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून एकटा निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला पोहोचला. जगप्रदक्षिणा एकट्याने करणारा तो पहिला. त्याचे पुस्तक १९०० साली आले.

परतीच्या वाटेवर, मे-जून १८९८ मधे, तो या बेटांतून गेला. तेव्हा त्याच्याजवळ वेस्ट इंडीजचा नकाशा नव्हता. सेंट हेलेना बेटावर एका गृहस्थाने त्याला एक बोकड भेट दिला होता, त्या बोकडाने तो नकाशा खाऊन टाकला. स्लोकमने बोकडाला असेन्शन बेटावर उतरवून दिले, पण नकाशा काही परत आला नाही. पुढे टोबॅगोजवळ रात्री त्याला समोर खडकावर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा दिसल्या. नौका वळवावी तो पुन्हा त्याच. बऱ्याच झटापटीनंतर कळले की ३० मैलांवरच्या त्रिनिदादच्या दीपस्तंभाचा फिरता झोत लाटांच्या माथ्यावर पडत होता आणि खडक कोठेच नव्हता. हा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगतो, आणि मुले हसतात ती बोकडासाठी. माझे लक्ष असते ते पुढच्या निवेदनाकडे. स्लोकम फजिती लपवत नाही. त्याचा ‘मी’ स्वतःला हसू शकणारा, काम येणारा, कष्टकरी ‘मी’ आहे. तो सुट्टीवर निघालेला नव्हता. त्याच्या हातातले कौशल्य रोजगाराचे होते, फक्त रोजगार गेलेला होता. नौकाजीवनाच्या पुढच्या शंभर वर्षांच्या लेखनाने त्याचा सूर उचलला, त्याची बेकारी मात्र विसरली. १९०९ साली तो पुन्हा एकटा निघाला आणि परत आला नाही.

बेकारीचा हा मुद्दा मी मुद्दाम ताणतो आहे, कारण याच काळात या समुद्रावरची आणखी एक जागा बेकार झाली होती. अँटिग्वाच्या दक्षिण किनाऱ्यावर इंग्लिश हार्बर नावाचे चहूबाजूंनी बंदिस्त नैसर्गिक बंदर आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तेथे ब्रिटिश आरमाराची गोदी उभी राहिली. ती बांधली गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी. साखरेच्या बेटांचे रक्षण करणाऱ्या जहाजांची डागडुजी तेथे होई. होरेशिओ नेल्सन १७८४ ते १७८७ या काळात तेथे नेमणुकीवर होता, म्हणून आज त्या गोदीला त्याचे नाव आहे. वाफेची मोठी जहाजे आली, त्यांना ते बंदर अपुरे पडले, आणि १८८९ मधे आरमाराने गोदी सोडून दिली. छपरे कोसळली, झाडोरा वाढला.

साठ वर्षांनी, १९४९ च्या आरंभी, त्या भग्न गोदीत ‘मॉलीहॉक’ नावाची एक जुनी दोन डोलकाठ्यांची नौका आली. तिच्यावर आरमारातून निवृत्त झालेले व्हर्नन निकोल्सन, त्यांची पत्नी एमी आणि डेस्मंड व रॉडनी हे दोन मुलगे होते. युद्धोत्तर ब्रिटन सोडून दूर कुठेतरी वसावे असा त्यांचा विचार होता. अँटिग्वाला ते थांबले ते तेथेच राहिले. बेटावर नुकत्याच वसलेल्या मिल रीफ क्लब या धनिक अमेरिकनांच्या वसाहतीतील पाहुण्यांना समुद्रफेरी हवी होती. निकोल्सन कुटुंबाने आपली नौका भाड्याने फिरवायला सुरुवात केली. पूर्व कॅरिबियनमधला भाड्याच्या नौकांचा सगळा व्यवसाय येथून उगवला असे मानतात. गोदी वाचवण्यासाठी १९५१ मधे एक संस्था स्थापन झाली, १९६१ मधे डागडुजी होऊन गोदी समारंभाने पुन्हा उघडली, आणि २०१६ मधे युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळांत घेतले. डेस्मंड निकोल्सन यांनी पुढे बेटाच्या पुरातत्त्वाचा कसून अभ्यास केला आणि तेथील वस्तुसंग्रहालय उभारण्यात पुढाकार घेतला. तेव्हा या माणसांना केवळ धंदेवाईक म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल.

याच सुमारास एक नवा लेखनप्रकार वाढला. तो म्हणजे नौकावाल्यांसाठी मार्गदर्शिका. या क्षेत्रातले सर्वांत वजनदार नाव डोनाल्ड स्ट्रीट (१९३०–२०२४). १९०५ साली बांधलेली ‘आयोलेअर’ ही नौका त्यांनी १९५७ मधे घेतली, पुढे तिचे इंजिन काढून टाकले, आणि केवळ शिडांवर ही बेटे पिंजून काढली. त्यांची मार्गदर्शिका १९६६ मधे आली. त्याआधी नौकावाल्यांना बव्हंशी एकोणिसाव्या शतकातल्या आरमारी मोजणीच्या नकाशांवर विसंबावे लागे, आणि ते मोठ्या जहाजांसाठी केलेले असल्याने लहान खाड्यांविषयी मुके होते. मार्गदर्शिकेने त्या खाड्या बोलत्या केल्या. कोठून शिरावे, कोणता खडक डाव्या हाताला ठेवावा, नांगर कोठे टाकावा, ताजी भाजी कोणत्या वारी मिळते, असा तिचा विषय. हे लेखन साहित्य म्हणून कोणी वाचत नाही, पण वाचावे. इतके नेमके, दर शब्दामागे कोणाचा तरी जीव असलेले गद्य फार थोडे असते.

आणि या गद्याचे सर्वनाम आहे ‘तुम्ही’. इंग्रजीत ते उघड असते. मराठीत आणताना आपण सहज विध्यर्थात शिरतो, ‘नांगर टाकावा’, ‘दूर राहावे’, आणि कर्ता अदृश्य होतो. इंग्रजी मार्गदर्शिकेत कर्ता ठसठशीत आहे. तो नौकेचा मालक आहे, तो बाहेरून आला आहे, आणि मुख्य म्हणजे तो उद्या निघून जाऊ शकतो. बेटावरची माणसे या लेखनात तृतीयपुरुषी येतात. दोर धरायला होडीतून येणारा पोरगा, मासळी विकणारी बाई, जकातीचा कारकून. ती पाण्याच्या खोलीइतकीच माहिती म्हणून उपयुक्त असतात.

ज्या १९४९ साली ‘मॉलीहॉक’ इंग्लिश हार्बरला आली त्याच वर्षी मे महिन्यात, डोंगरापलीकडे सेंट जॉन्स या राजधानीच्या गावात, एलेन पॉटर रिचर्डसन नावाची मुलगी जन्मली. सोळा-सतराव्या वर्षी तिला घरच्यांसाठी पैसे मिळवायला न्यूयॉर्कला मुले सांभाळण्याच्या कामावर धाडण्यात आले. पुढे ती जमैका किंकेड या नावाने लिहू लागली. १९८८ मधे आलेले तिचे ‘अ स्मॉल प्लेस’ हे छोटे पुस्तक अँटिग्वाविषयी आहे, आणि त्याची सुरुवात होते ती ‘यू’पासून. तिचा पर्यटक नौकेने नव्हे, विमानाने येतो. पण व्याकरण मार्गदर्शिकेचेच आहे. तुम्ही उतरता, तुम्ही टॅक्सीत बसता, तुम्हाला समुद्र दिसतो, आणि हळूहळू त्याच आर्जवी द्वितीयपुरुषातून वाचकाच्या लक्षात येते की इथे वाट दाखवली जात नसून उलटतपासणी चालली आहे. त्या समुद्रात सांडपाणी कोठून मिसळते, रस्त्यांना नेल्सन आणि रॉडनी यांची नावे का आहेत, मिल रीफ क्लबात काळ्या माणसाला कोणत्या दाराने प्रवेश मिळे, हे सगळे ‘तुम्हाला’ सांगितले जाते. १९७४ च्या भूकंपात मोडलेले सार्वजनिक ग्रंथालय पुस्तक लिहिले जाईपर्यंत दुरुस्त झालेले नव्हते, ही तिची मोठी जखम. ज्या बेटावर परित्यक्त गोदी साठच्या दशकात नव्याने उभी राहते तिथे मुलांचे ग्रंथालय दशकाहून अधिक काळ पडून राहते. हा हिशेब आपल्याकडच्या ग्रंथालयांची अवस्था पाहिलेल्या प्राध्यापकाला वेगळा समजावून सांगायला नको. तिच्या रागाचे मर्म मात्र आणखी खोल आहे. बेटावरच्या माणसाला बाहेरच्याचा हेवा वाटतो तो पैशापेक्षाही त्याच्या निघून जाण्याच्या सोयीचा, असे ती मांडते. मला वाटते, नौकाजीवनावर इतकी अचूक टीका नौकेचा उल्लेख न करता कोणी केलेली नाही.

एकदा हा आरंभीचा उतारा आणि मार्गदर्शिकेतले एक पान मी विद्यार्थ्यांना भाषांतरासाठी शेजारी शेजारी दिले. मार्गदर्शिका पंधरा मिनिटांत झाली. किंकेडपाशी वर्ग अडला. ‘यू’ म्हणजे ‘तू’ की ‘तुम्ही’? ‘तुम्ही’ केले तर आदरार्थी बहुवचनाने धार बोथट होते. ‘तू’ केले तर किंकेडचे थंड, शिष्ट अंतर जाते आणि भांडण ऐकू येते. एका विद्यार्थिनीने ‘आपण’ सुचवले. आपण उतरता, आपण टॅक्सीत बसता. अतिआदराचा उपरोध त्यात चांगला उतरतो हे खरे, पण मराठीतला ‘आपण’ बोलणाऱ्यालाही पोटात घेतो, आणि तिथेच किंकेडचा सगळा मुद्दा विरतो. वर्गातले मत शेवटपर्यंत दुभंगलेले राहिले. माझा कौल ‘तुम्ही’ला आहे, कारण मार्गदर्शिकेचा ‘तुम्ही’ आणि हा ‘तुम्ही’ एकच आहे हे ऐकू आले पाहिजे.

त्याच समुद्रावर बेटवाल्याचा ‘मी’ कोणी लिहिला काय? सेंट लुसियाच्या डेरेक वॉलकॉटने लिहिला. १९७९ च्या संग्रहातील त्याच्या ‘द स्कूनर फ्लाइट’ या दीर्घ कवितेचा निवेदक शाबीन हा मिश्र रक्ताचा खलाशी आहे. एका मंत्र्यासाठी चोरटी स्कॉच आणणे, बुडालेल्या जहाजांत डुबी मारणे अशी कामे करून, त्रिनिदादच्या राजकारणाला विटून तो एका मालवाहू स्कूनरवर नोकरीला चढतो. वाटेत धुक्यातून त्याला गलबतांचा तांडा जाताना दिसतो. आधी रॉडनी, नेल्सन यांच्यासारख्या आरमारी सरदारांची जहाजे, मग गुलामांची, ज्यांच्या तळघरातल्या पूर्वजांपर्यंत त्याची हाक पोहोचत नाही. किंकेडच्या गावात रस्त्यांच्या पाट्यांवर असलेली नावे येथे शिडे उभारून समोर येतात. शाबीन त्रिनिदादच्या बोलीत बोलतो. त्याला मालवणीत आणावे असा मोह अनेकांना होतो, मलाही झाला. आता मी तो टाळतो. मालवणीला तिचे गाव आहे, कुळ आहे, देवस्की आहे. शाबीनची बोली ज्यांचे गावच हिरावून घेतले गेले त्यांनी मालकाच्या भाषेतून घडवली.

शाबीनसारख्यांची स्कूनर ज्या वाळूवर बांधली जाई ते कॅरिॲकू बेट ग्रेनाडा देशात मोडते. तेथील विंडवर्ड या गावी एकोणिसाव्या शतकात आलेल्या स्कॉटिश सुतारांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या नौका बांधत आले. आराखडा कागदावर नसे, तो डोळ्यांत असे. फासळीला हवा तसा बाक असलेले झाड रानात शोधायचे आणि तोडायचे. पाण्यात लोटण्याच्या दिवशी पशूचा बळी, रक्ताचा आणि रमचा शिडकावा, पाद्र्याची प्रार्थना, मग टेकू तोडून नौका अलगद कुशीवर निजवायची आणि सगळ्या गावाने दोराने ओढत समुद्रात न्यायची. या नौकांनी माल वाहिला, माणसे वाहिली, चोरटी दारूही वाहिली. माल इंजिनाच्या बोटींकडे गेला तशी ही विद्या मंदावली. १९६५ मधे लिंटन रिग या नौकाप्रेमी परदेशी रहिवाशाने तेथे शर्यती सुरू केल्या त्या या बांधणीला आधार मिळावा म्हणून. अलीकडच्या काळात ऑल्विन इनो यांच्यासारख्या कारागिरांना नव्या नौकांची गिऱ्हाइके मिळाली ती बरीचशी हौशी नौकावाल्यांतूनच. २०२३ मधे युनेस्कोने ही विद्या तातडीच्या संरक्षणाची गरज असलेल्या वारशांच्या यादीत नोंदवली. गंमत म्हणा की विपर्यास, जी सुट्टी बेटवाल्याला सर्वनाम देत नव्हती तिनेच त्याच्या हातातले काम थोडेफार जगवले.

या सगळ्यांना एकाच पंचांगात बांधणारी गोष्ट म्हणजे तुफाने. जून ते नोव्हेंबर हा त्यांचा काळ. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असतो तसाच हा बंदीचा हंगाम, मात्र इथे संकट किनाऱ्यावरही चालून येते. १९५५ च्या सप्टेंबरमधे ‘जॅनेट’ने ग्रेनाडा आणि कॅरिॲकू झोडपले. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक ग्रेनाडाला तसा थेट तडाखा बसला नाही, आणि विमा कंपन्यांच्या अटींत व नौकावाल्यांच्या सल्ल्यांत दक्षिणेकडचे हे पाणी ‘सुरक्षित’ ठरत गेले. हंगामात नौका तेथे येऊन थांबू लागल्या. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ आले. देशातली सुमारे नव्वद टक्के घरे नुकसानीत गेली, आणि किनाऱ्यावर टेकू देऊन उभ्या केलेल्या नौका एकमेकींवर कोसळल्या.

१ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ कॅरिॲकूवर धडकले तेव्हा ते चौथ्या श्रेणीचे होते. दुसऱ्या दिवशी ते पाचव्या श्रेणीत गेले, हंगामात इतक्या लवकर त्या श्रेणीला पोहोचलेले अटलांटिकमधील नोंद असलेले पहिलेच. आदल्या दिवसांत काही नौका शिडे उभारून दक्षिणेला त्रिनिदादकडे निघून गेल्या होत्या. ज्या राहिल्या त्यांतल्या पुष्कळ, मार्गदर्शिकांनी वर्षानुवर्षे सुचवलेल्या टिरेल बेच्या खारफुटीत, बुंध्यांना दोर बांधून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत त्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात, आणि मागच्या उतारावरच्या जवळजवळ एकाही घराला छप्पर नाही.